देवाचा कायदा, राजाचं फर्मान आणि तलाठ्याचा फेरफार

प्रश्न नांदेडला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: ‘आमचं घर माळकरी. ज्युरिस्प्रुडन्सचे सर म्हणतात, नैसर्गिक कायदा म्हणजे देवाचा कायदा, तो आता कालबाह्य झाला, परीक्षेपुरता वाचा. घरी आजोबा म्हणतात, कायदा धर्मावर उभा असतो, नाहीतर तो नुसता दंडुका. दोघांत बरोबर कोण? आणि कोर्टात याचा काही उपयोग होतो, की हा फक्त दहा मार्कांचा प्रश्न?’

ताई, मी एकतीस वर्षं वकिली करतोय. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, आता खंडपीठात. मधली काही वर्षं एका लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवला, त्यामुळे तुमच्या सरांची अडचणही मला कळते. चाळीस मिनिटांत नैसर्गिक कायदा मानणाऱ्या अ‍ॅक्वायनसपासून ‘कायदा वेगळा, नीती वेगळी’ म्हणणाऱ्या हार्टपर्यंत पोचायचं तर असंच काहीतरी तोंडातून निघतं.

माणसाने केलेल्या कायद्याच्याही वर न्यायाचं एक माप असतं, हा विचार म्हणजे नैसर्गिक कायदा. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. अन्याय्य कायदा हा कायदा असतो का, हा पहिला. न्याय-अन्याय ओळखायचा कशावरून, देवाच्या शब्दावरून की माणसाच्या बुद्धीवरून, हा दुसरा. आणि ते ठरवायचं कुणी, हा तिसरा. पुस्तकं पहिल्या दोनांवर पानंच्या पानं खर्च करतात. कोर्टात आणि गावात माणसं भांडतात ती तिसऱ्यावर. शिवाय उत्तर कुठे उभं राहून देताय यावरही बरंच अवलंबून आहे. परीक्षेच्या हॉलमधलं, न्यायाधीशासमोरचं आणि निवडणुकीच्या सभेतलं उत्तर एकच असेल असं धरून चालू नका.

पहिल्या प्रश्नासाठी लंडनला जायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कायदेपंडित ऑस्टिन म्हणतो, कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, पाळली नाही तर शिक्षा. असा सार्वभौम आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रत्यक्ष पाहिलाय. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचं फर्मान हाच कायदा होता. मी हे अलंकारिक बोलत नाही. अमीर-उन-निसा बेगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नाशीच्या दशकात स्पष्ट लिहिलं की निजामावर घटनात्मक मर्यादा काहीच नव्हती. कायदे करणारा तोच, राबवणारा तोच, न्याय देणाराही तोच. फर्मान इतर कुठल्याही कायद्याइतकंच बंधनकारक आणि आधीच्या कायद्यांवर मात करणारं. इनाम-अतियातीच्या (राजाने दिलेल्या जमिनी-देणग्यांच्या) प्रकरणांत आम्ही अजून जुनी उर्दू फर्मानं भाषांतर करून जोडतो, ती याच जोरावर.

वकिलीच्या सुरुवातीला असं एक प्रकरण मी एका ज्येष्ठ वकिलांकडे घेऊन गेलो होतो. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. फर्मान वाचून झाल्यावर मी तावातावाने म्हटलं, ‘पण साहेब, हे तर सरळ अन्यायाचं आहे!’ त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘अन्यायाचं आहे हे मला दिसतंय. कायदा आहे की नाही, एवढंच मी पाहत होतो.’ हार्टचं पुस्तक मी त्यानंतर नीट वाचलं, पण हार्ट मला कळला तो त्या दिवशी. ‘हा कायदा आहे’ आणि ‘हा पाळावा’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ती वेगळी ठेवली तर वाईट कायद्याकडे डोळे उघडे ठेवून बघता येतं.

त्याच राज्यात हैदराबाद स्टेट काँग्रेस या संघटनेवर १९३८ मध्ये, ती नीट स्थापन व्हायच्या आधीच, बंदी आली. सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्यांत स्वामी रामानंद तीर्थ होते, अंबाजोगाईला मुलांना शिकवणारा संन्यासी माणूस. बंदीचा हुकूम कायदाच नव्हता असं म्हणायची या लोकांना गरज पडली नाही. हुकूम कायदा आहे, तो मोडतोय, शिक्षा द्या, असं त्यांचं म्हणणं. सत्याग्रहाचं सगळं बळ याच दोन वाक्यांच्या फटीत आहे.

आता दुसरी बाजू, कारण मी फक्त हार्टचाच वकील नाही. ‘अन्याय्य कायदा हा कायदाच नव्हे’ हे वाक्य ऑगस्टीनच्या नावावर फिरतं आणि अ‍ॅक्वायनसला चिकटतं. पण तेराव्या शतकातला हा धर्मोपदेशक फार सावध होता. अन्याय्य कायदे म्हणजे कायद्यापेक्षा जबरदस्तीच, ते मनाला बांधत नाहीत, असं तो म्हणतो. लगेच पुढे जोडतो की समाजात गोंधळ माजू नये म्हणून कधीकधी आपला हक्क सोडून ते पाळावेही लागतात. परीक्षेत हा दुसरा भाग लिहा, तपासणारा दचकेल.

देवाशिवाय हे सगळं उभं राहतं का? डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने १६२५ मध्येच लिहून ठेवलं, की घटकाभर देव नाही असं धरलं (तसं धरणं महापाप, हेही तो लगेच म्हणतो) तरी ही तत्त्वं बऱ्याच अंशी टिकतील. म्हणजे ‘नैसर्गिक कायदा म्हणजे देवाचा कायदा’ हे समीकरण चारशे वर्षांपूर्वी खुद्द एका श्रद्धाळू माणसानेच सैल केलंय. त्याच्याही कितीतरी आधी बगदाद-बसऱ्याकडे मुअतझिला आणि अशअरी या पंथांत हाच वाद रंगला होता. चांगलं ते चांगलं आहे म्हणून अल्लाहने सांगितलं, की अल्लाहने सांगितलं म्हणून ते चांगलं? पुढे कायद्याचा तत्त्वज्ञ फिनिस याने १९८० मध्ये ज्ञान, मैत्री, खेळ अशा मूलभूत हितांची यादी मांडली. त्यात धर्म हेही एक हित आहे, पण सगळ्या यादीचा पाया म्हणून तो धर्माला घेत नाही. तेव्हा तुमच्या सरांचं एवढं म्हणणं मला पटत नाही.

आता आजोबांकडे वळू. धर्म आणि नैसर्गिक कायदा हे एकमेकांचे भाषांतर नव्हेत, हे आधी मान्य करा. नैसर्गिक कायदा म्हणतो, माणूस म्हणून सगळ्यांना एकच माप. आपल्या स्मृतींमधला बराचसा धर्म माप बदलतो, वर्ण बघून, आश्रम बघून, बाई की पुरुष ते बघून. सत्य, अहिंसा, चोरी न करणं हा साधारण धर्म तेवढा नैसर्गिक कायद्याच्या जवळ जातो. पण आजोबांच्या बाजूनेही एक भक्कम पुरावा आहे. बृहदारण्यक उपनिषदात धर्माला सत्तेचीही सत्ता म्हटलंय, आणि पुढचं वाक्य तर मी ज्युनिअरांना पाठ करायला लावतो: धर्माच्या आधाराने दुर्बळ माणूस बलवानावर मात करायची आशा धरतो, जशी राजाच्या आधाराने धरावी. ज्याला ‘नुसता दंडुका’ नको आहे त्याने याहून वेगळं काय म्हणायचं?

दुसरा पुरावा तर अगदी आपल्या शेजारचा. याज्ञवल्क्य स्मृतीवरचं मिताक्षरा हे भाष्य कुठे लिहिलं गेलं? कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्यांच्या राजधानीत. उमरग्याहून हे गाव फार लांब नाही, आणि १९५६ च्या आधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आपले तालुके त्याच बीदर जिल्ह्यात होते. वारसाहक्काचा जो नियम पुढे देशाच्या बहुतेक भागात हिंदूंना लागू झाला, तो लिहिणारा विज्ञानेश्वर आपला जवळपास गाववालाच. वाटणीत थोरल्याला जास्त वाटा द्यावा असं जुनं शास्त्रवचन त्याच्यासमोर होतं. त्याने काय केलं? हे शास्त्रात दिसत असलं तरी लोकांना ते रुचत नाही, म्हणून आचरू नये, असं सांगून बाजूला ठेवलं. आधार घेतला तो याज्ञवल्क्याचाच: लोकविद्विष्ट गोष्ट धर्म्य असली तरी करू नये. म्हणजे धर्मशास्त्राचा सगळ्यात वजनदार भाष्यकार धर्मशास्त्राच्या आत उभा राहून म्हणतोय, ‘लिहिलंय खरं, पण आता नको.’ धर्म बदलत नसतो असं कुणी दटावलं की मला हा पठ्ठ्या आठवतो. लोकांना काय रुचतं हे ठरवताना त्याने मुलींना विचारलं नव्हतं, हेही आठवतं.

इथून तिसरा प्रश्न सुरू होतो, आणि मला खरं सांगायचंय ते यावरच. कुणी ‘वरच्या कायद्याचं’ नाव घेतलं, मग तो धर्म असो, निसर्ग असो की संस्कृती, की मी आधी बघतो की त्याचं तोंड कुणाकडे आहे. वर, म्हणजे सत्तेकडे, की खाली, म्हणजे आधीच दबलेल्याकडे?

पैठणच घ्या. परंपरा सांगते की संन्यास मोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची लेकरं शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभी राहिली. सभेच्या हातात शास्त्र होतं आणि समोर चार पोरकी पोरं. शास्त्राचं तोंड खाली होतं. त्याच पैठणमध्ये पुढे एकनाथ महाराजांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं ही कथा तुमच्या घरी रोज सांगितली जात असेल. नाथांचा आधारही धर्मच. त्यांचा धर्म वर बघून बोलत होता. धर्माच्या बाजूने की विरोधात, अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. दोन्हीकडे धर्मच आहे.

बाबासाहेबांनी ही गोष्ट माझ्यापेक्षा कितीतरी धारदारपणे मांडली. नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा फरक त्यांनी ‘जातिनिर्मूलना’च्या त्या न झालेल्या भाषणात केला. नियम माणसाला काय कर ते सांगतो. तत्त्व काय करायचं ते ठरवायला कसोटी देतं आणि जबाबदारी त्याच्यावर टाकतं. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ते म्हणाले की संविधानिक नैतिकता ही उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबणाऱ्यांना हा चांगला चिमटा आहे. जे आपल्याला नैसर्गिक वाटतं ते बहुतेक वेळा सवयीचं असतं.

याचं एक जवळून पाहिलेलं उदाहरण सांगतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा यायच्या आधीची गोष्ट. एका भटक्या समाजातल्या जोडप्याने जातीबाहेर लग्न केलं. जात पंचायतीने दंड ठोकला, तो भरेना म्हणून वाळीत टाकलं. मुलाच्या आईच्या मयतीला समाजातला एक माणूस आला नाही. तो मुलगा माझ्यासमोर बसून रडला नाही, एवढंच म्हणाला, ‘खांदा द्यायला चौघं भाड्यानं आणले, साहेब.’ पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदार भला माणूस. म्हणाला, वकीलसाहेब, वाईट झालं हे मलाही कळतं, पण कलम कुठलं लावू? आणि पंच बाहेर ठामपणे सांगत होता, तुमचं कोर्ट कालचं, आमचा न्याय पूर्वापार.

ऑस्टिनच्या हिशेबात त्या दिवशी पंचाचं बरोबर होतं, कारण त्याला अडवणारी आज्ञा कुणी काढलेली नव्हती. मनातून मात्र आम्हा तिघांनाही, अंमलदार धरून, माहीत होतं की हे चूक आहे. हे जे ‘माहीत असणं’ आहे, कलमाच्या आधीचं, त्यालाच नैसर्गिक कायदेवाले पकडू बघतात. पुढे महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आधी माहीत होतं, मग कलम आलं. उलटं कधी घडत नाही. पण कलम येईपर्यंत त्या ‘माहीत असण्या’चा माझ्या पक्षकाराला दमडीचा उपयोग झाला नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं.

हाच वाद सर्वोच्च न्यायालयातही दोन्ही बाजूंनी गेलाय. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातबहिष्कृती रोखणारा कायदा केला होता. १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या प्रकरणात तो बहुमताने रद्द झाला, कारण बहिष्कृत करण्याचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात. २०२३ मध्ये घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला. या प्रकरणांत ‘धर्माचं अत्यावश्यक अंग कोणतं’ हे न्यायाधीश ठरवतात. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून ही कसोटी चालत आलीय. (आपलं पुण्याजवळचं शिरूर नव्हे, उडुपीकडचं.) मला ती मनापासून आवडत नाही. काळ्या कोटातल्या माणसाने पोथी उघडून अस्सल धर्म कोणता ते सांगावं, यात धर्माचाही अपमान आहे आणि कोर्टाचाही. प्रथेने एखाद्याचं माणूसपण कापलं जातंय का, एवढं विचारलं तरी पुरतं.

आता माझ्याच म्हणण्याला माझाच उलटतपास. वर तोंड असलेला युक्तिवाद नेहमी दुबळ्याचाच असतो का? गोलकनाथ खटला बघा. १९६७, सहा विरुद्ध पाच. सरन्यायाधीश सुब्बा राव साहेबांनी मूलभूत हक्कांना माणसाच्या आदिम, नैसर्गिक हक्कांचं आधुनिक नाव म्हटलं. युक्तिवाद राज्यसत्तेच्या विरोधात, तोंड अगदी वर. पण पक्षकार कोण? पंजाबातलं पाचशे एकरांच्या वर जमीन असलेलं कुटुंब, जमीनधारणेच्या कायद्याविरुद्ध आलेलं. १९७३ चा केशवानंद भारती खटला, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, ज्यातून संविधानाच्या मूलभूत चौकटीचं तत्त्व आलं, तोही सुरू झाला मठाच्या जमिनीवरून. ज्या मराठवाड्यात १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढली, तिथल्या वकिलाला हे विसरून चालत नाही. कुळाच्या मालकानेही त्या काळात ‘नैसर्गिक हक्क’ हाच शब्द वापरला असता. इंग्रज विचारवंत बेंथम नैसर्गिक हक्कांना उंच काठ्यांवर चढवलेला मूर्खपणा म्हणायचा, ते अशाच वेळी आठवतं. म्हणून तोंड कुणाकडे हा माझा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही.

तरीही मी नैसर्गिक कायदा फेकून देत नाही, त्याचं कारण २८ एप्रिल १९७६. आणीबाणीत संविधानातल्या कलम २१ ची, म्हणजे जीवन आणि स्वातंत्र्याच्या हक्काची, अंमलबजावणी स्थगित होती, आणि प्रश्न होता की डांबलेल्या माणसाला हेबियस कॉर्पस मागता येईल का, म्हणजे आपली अटक कायदेशीर आहे का ते कोर्टाने तपासावं असं म्हणता येईल का. नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आपलं मुंबईही, अटकेतल्यांचं म्हणणं ऐकून घेता येईल असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एकने नाही म्हटलं. एकटे न्या. खन्ना विरोधात. त्यांचं वाक्य असं की कलम २१ नसतं, तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही. त्यांनी देव आणला नाही, पोथी आणली नाही. कायद्याचं राज्य या शब्दांतच हे गृहीत आहे, म्हणाले. १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी निकालात तो १९७६ चा निर्णय पुसून टाकला, आणि जीवन व स्वातंत्र्य ही राज्याची मेहेरबानी नव्हे, ती माणसाला जन्मतःच असतात, हे लिहिलं.

जर्मनीत हाच धडा कायदेपंडित रॅडब्रुखला १९३३ नंतर, नाझी राजवटीत मिळाला. १९४६ मध्ये त्याने मधला रस्ता सुचवला. लिहिलेला कायदा अन्याय्य असला तरी सहसा चालू द्या, पण अन्याय असह्य झाला की न्यायापुढे त्याने माघार घ्यावी. असह्य म्हणजे किती, हे त्याने मोजून दिलेलं नाही, आणि कुणाला देता येईल असं वाटत नाही. हार्ट आणि कायद्याला आतूनच काही नीती लागते म्हणणारा अमेरिकन फुलर, हे दोघे १९५८ मध्ये याच्यावरच भांडले. माझं मत विचाराल तर ‘कायदा’ हे नाव कशाला द्यायचं या बाबतीत मी हार्टकडे आणि रोजच्या कामात फुलरकडे झुकतो.

ते रोजचं काम म्हणजे काय ते सांगतो, कारण ‘उपयोग होतो का’ हे तुम्ही विचारलंय. फुलरने चांगल्या कायद्याच्या आठ अटी सांगितल्या: तो जाहीर असावा, मागच्या तारखेने लागू नसावा, कळेल असा असावा, पाळणं शक्य असावं वगैरे. हे वाचताना कंटाळा येतो. पण तहसील कार्यालयात एक दिवस बसा. बापाच्या मृत्यूनंतर एका भावाने तलाठ्याला धरून फेरफार (जमिनीच्या नोंदीत नावाचा बदल) करून घेतला, बाकीच्यांना नोटीसच नाही. चावडीवर प्रत लावल्याचा पंचनामा आहे, साक्षीदार दोघे, दोघेही त्याच भावाचे सालगडी. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना कळवणं भाग आहे. पण हे कलम नसतं तरी मी अपिलात पहिला मुद्दा हाच लिहिला असता: नैसर्गिक न्यायतत्त्वांचा भंग, म्हणणं ऐकूनच घेतलं नाही. नैसर्गिक न्याय आणि नैसर्गिक कायदा यांत विद्यार्थी घोळ घालतात. पहिला दुसऱ्याचं नातवंड समजा. आजोबा फारसे घराबाहेर पडत नाहीत, नातू मात्र रोज कोर्टात हजर असतो.

या नातवाच्या वंशावळीत एक गंमत आहे. १७२३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याला न ऐकताच काढून घेतल्या. त्या खटल्यात न्यायाधीश फोर्टेस्क्यू म्हणाले, खुद्द देवानेही आदमला शिक्षा द्यायच्या आधी बोलावून विचारलं, आदम, तू कुठे आहेस? ते झाड मी मना केलं होतं, त्याचं फळ खाल्लंस का? देवाला तर सगळं ठाऊकच होतं, तरी विचारलं. ही गोष्ट मी एका अपिलात उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर सांगितली. साहेब हसले आणि तलाठ्याकडे वळून म्हणाले, ‘देवानं नोटीस काढली, तुम्हाला काय झालं होतं?’ प्रकरण फेरचौकशीला परत गेलं.

तुमच्या घरच्या माळेचा प्रश्न मी इथे ठेवतो. श्रद्धा कोर्टाच्या पायरीवर चपलेसारखी काढून यावी लागत नाही. आदमची गोष्ट बायबलातली आहे, पण ती पटायला ख्रिस्ती असावं लागत नाही. समोरचा वकील नास्तिक असो, मुसलमान असो, बौद्ध असो, त्याला तिला उत्तर देता येतं. ‘माझ्या ग्रंथात लिहिलंय म्हणून’ याला मात्र उत्तर देता येत नाही, मान तरी डोलवायची नाहीतर भांडायचं. धर्मातून कारण आणा, हुकूम आणू नका. नाथांची गोष्ट सांगायची तर जरूर सांगा, फक्त ती कलम १४ (समानता) किंवा २१ च्या भाषेत उतरवून द्या, कारण न्यायाधीशाला निकाल त्या भाषेत लिहायचा असतो.

शेवटी माझी एक चूक सांगतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ ला काही अटींवर आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला. विज्ञानेश्वराने ज्यांना विचारलं नव्हतं त्यांना आठ-नऊशे वर्षांनी विचारलं गेलं. आणि त्यानंतर माझ्याकडे सगळ्यात जास्त काम कशाचं आलं? हक्कसोडपत्रांचं. २००६ चं साल असेल. रजिस्ट्रीत दोन बहिणी आल्या होत्या, भाऊ सोबत, वहिनीच्या पिशवीत दोन नवी लुगडी. धाकटी अंगठा लावताना थांबली आणि मला म्हणाली, ‘कायद्यानं मपलं हाये म्हणत्यात ना? पण मपल्या लग्नाला भावानं दोन एकर गहाण टाकलं व्हतं. देवाला काय सांगू?’ मागे रांग होती, दस्त भावाने लिहायला दिला होता, फी त्याच्याकडून यायची होती. मी म्हटलं, ‘बाई, लावा अंगठा.’ सात-आठ वर्षांनी ती परत आली. नवरा वारला होता, माहेरचं दार बंद झालं होतं, जमीन रस्त्यात गेली आणि मोबदला भावाने एकट्याने उचलला. दस्त नोंदणीकृत, मुदत उलटून गेलेली, फसवणुकीचा पुरावा नाही. कायदा स्वच्छ होता. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाही दिलं नव्हतं, आताही माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून हक्कसोडपत्र लिहायचं तर मी बहिणीला एकटीला आत बसवतो, भावाला बाहेर चहाला पाठवतो, आणि दस्त हळू वाचून दाखवतो: किती एकर, आजचा भाव काय, सही केल्यावर काय उरतं. हे कुठल्या कलमात नाही. बहुतेक जणी ऐकून घेतात आणि तरीही सही करतात, तो त्यांचा अधिकार. गेल्या दिवाळीनंतर मात्र एकीने पेन खाली ठेवलं, उठून बाहेर गेली, भावाला हाक मारली. दोघं लिंबाच्या पारावर दीड तास बसले होते. परत आले तेव्हा भाऊ म्हणाला, विहिरीकडचा अर्धा एकर तिच्या नावावर राहू द्या, बाकीचं ती सोडतीय. मी पहिला मसुदा फाडला आणि स्टेनोला नवा कागद घालायला सांगितला.